पतंगांची फूलवाली

त्या गल्लीत त्यांना सगळे फूलवाल्या काकू म्हणायचे, आणि गंमत म्हणजे काकूंनी खरं फूल उभ्या जन्मात कधी विकलं नव्हतं. काकू कापडाची आणि कागदाची फुलं करायच्या. टोप्यांवर लावायची, दुकानांच्या काचांमागे मांडायची, नाटकातल्या नायिकेने नायकाच्या तोंडावर फेकायची, अशी सगळी. ही विद्या त्यांना मावशीकडून मिळाली होती. पातळ कापडाला खळ लावायची, ते वाळून कडक झालं की साच्याने पाकळ्या पाडायच्या. मग लाकडी मुठीच्या दांड्याला बसवलेली लोखंडी गोळी शेगडीवर तापवायची आणि वाळूच्या उशीवर पाकळी ठेवून गोळीने हलकेच दाबायची, की पाकळीला पोट यायचं. गोळी जास्त तापली तर पाकळी करपायची, कमी तापली तर रुसल्यासारखी सपाट राहायची. ती बरोबर तापली का, हे काकू गोळी गालाजवळ नेऊन ओळखायच्या. उजव्या गालावर एक बारीकसा डाग होता, तो शिकाऊ दिवसांतला.

काकूंचा एकच गर्व होता. दुकानात कुणी गिऱ्हाईक त्यांच्या फुलावर वाकून नाक खुपसायचं, मग चपापून इकडेतिकडे बघायचं. काकू ते कोपऱ्यातून बघत राहायच्या आणि घरी येऊन मावशीला नक्कल करून दाखवायच्या. "आज एकाने चष्मा काढून वास घेतला!" दोघी पोट धरून हसायच्या.

फुलं करता करता लग्नाचं वय निघून गेलं. मावशीही गेली. आता आपण आणि आपली शेगडी, असं काकूंनी मनाशी ठरवून टाकलेलं असताना शेजारच्या रस्त्यावरच्या वाइंडिंगवाल्याचं स्थळ आलं. पंख्यांच्या आणि पंपांच्या जळलेल्या मोटारी उघडून त्यात नवी तांब्याची तार गुंडाळायची, हा त्याचा धंदा. माणूस सरळ, अबोल, हाताला कायम वॉर्निशचा वास. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती आणि घरात एक मुलगी होती. सगळे तिला चिमी म्हणायचे.

लग्नाआधी तो काकूंना एवढंच म्हणाला, "मला गोड बोलता येत नाही. पण मी बिघडवून ठेवणाऱ्यांतला नाही, दुरुस्त करणाऱ्यांतला आहे."

काकूंना हे बोलणं पुरेसं गोड वाटलं.

चिमी वाईट वागली असती तर बरं झालं असतं, असं काकूंना पुढे कितीदा वाटलं. ती आदळआपट करायची नाही, उलट उत्तर द्यायची नाही. ताटात वाढलेलं खायची, केस विंचरू द्यायची, नवा फ्रॉक शिवला तर "छान आहे" म्हणायची. पाहुण्याच्या घरी रीतीने वागणारं एखादं मूल असतं ना, तशी. काकू म्हणून हाक मारायची. बाप एकदा डाफरला, "काकू काय? आई म्हण." तेव्हा काकूच मध्ये पडल्या. "अहो, राहू द्या. गल्लीतली सगळी पोरं काकूच म्हणतात की."

पण मनातून लागलं होतं.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात पहिल्या बायकोची एक राखाडी लोकरीची शाल होती. शाळेतून आल्यावर चिमी कपाटाचं दार उघडायची, त्याच्याआड बसायची आणि शाल तोंडावर घ्यायची. काकू दारातून दिसल्या की शाल घडी करून जागेवर ठेवायची, अगदी कडांना कडा जुळवून. तिने काही चोरून केलं नव्हतं, पण काकूंनाच चोरी पकडल्यासारखं व्हायचं. त्या पाय वाजवत खोलीत यायला शिकल्या.

आपल्याला कशाचा वास येतो, हा विचार काकूंच्या मनात पहिल्यांदा तेव्हा आला. खळ, गोंद, तापलेलं लोखंड. पोरीने तोंड खुपसावं असं त्यात काय होतं? त्यांनी चांगल्यापैकी साबण आणला. मग अत्तराची एक छोटी बाटली आणली. नवऱ्याने एवढंच विचारलं, "कुठे निघालीस?" त्यानंतर बाटली फडताळात मागे गेली.

अशा दिवसांत एका दुपारी वाइंडिंगवाला घरी आला तो हसतच. शहराच्या टोकाला एक संशोधन संस्था होती. तिथल्या एका मोठ्या पंख्याची मोटर आवाज करून जळली म्हणून त्याला बोलावलं होतं.

"तिथे एक मॅडम आहेत," तो हातपाय धूत म्हणाला, "त्या पतंग पाळतात."

"उडवायचे?"

"अगं, उडवायचे नाहीत, उडणारे. दिव्यावर येतात ते. हे एवढाले, पंजाएवढे. त्यांना फुलं हवीत. म्हणाल्या, बाजारातली प्लास्टिकची आणली तर सगळी वेगवेगळ्या मापाची निघाली, एकसारखी फुलं करणारं कुणी माहीत आहे का. मी म्हटलं, काखेत कळसा. घरातच आहे."

काकू दुसऱ्या दिवशी गेल्या. जाताना नमुन्याची म्हणून आपली उत्तमातली उत्तम फुलं डब्यात घालून घेतली.

मॅडम म्हणजे एक बुटकी, लगबगीची बाई होती. केस कसेतरी वर बांधलेले, आणि हातात रुमाल. त्यांना बारा महिने सर्दी असायची. "मी वासावर काम करते," त्यांनी ओळख करून दिली, सटासट दोन शिंका दिल्या आणि म्हणाल्या, "आणि मला स्वतःला वास येत नाही. हसा, सगळेच हसतात."

काकू हसल्या. तिथेच दोघींचं जमलं.

मॅडम त्यांना एका लांबट खोलीत घेऊन गेल्या. बाहेर टळटळीत ऊन होतं आणि आत संध्याकाळ. खिडक्यांना काळा कागद, छताला एकच मंद लाल दिवा. "हे संध्याकाळचे प्राणी," मॅडम कुजबुजल्या. "आम्हाला रात्रपाळी करायला नको म्हणून त्यांचे दिवस-रात्र उलटे करून टाकलेत. आम्ही दिवा लावला की यांची सकाळ, विझवला की संध्याकाळ." खोलीच्या मधोमध काचेचा लांब बोगदा होता, माणूस आडवा होऊन सरपटत जाईल एवढा. एका टोकाला वाइंडिंगवाल्याने दुरुस्त केलेला पंखा, त्याच्यापुढे बारीक जाळी. हवा एकसारखी, संथ, बोगद्यातून वाहत होती. आपल्या नवऱ्याच्या हातची मोटर इतकी मुकाट्याने चालते आहे हे बघून काकूंना आतल्या आत बरं वाटलं.

बाजूच्या खोलीत जाळीचे पिंजरे होते. कुठे पानं कुरतडणाऱ्या लठ्ठ हिरव्या अळ्या, कुठे भुशात पुरून ठेवलेले तपकिरी कोष. आणि नुकतेच कोषातून निघालेले पतंग, राखाडी, केसाळ, पंख थरथरवत गरम होणारे. त्यांची सोंड घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली.

"यांनी अजून फूल पाहिलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "काही खाल्लेलंही नाही. आई कोण, बाप कोण, काही ठाऊक नाही. तरी यांना कळतं की कुठल्या फुलाकडे जायचं. ते कसं कळतं, हे मी शोधते आहे."

काकूंनी महिनाभर खपून फुलं केली. पांढरी, कर्ण्यासारखी लांब, मॅडमनी दाखवलेल्या खऱ्या फुलाच्या बरहुकूम. पाकळीच्या कडेला जी बारीक मुरड असते ती सुद्धा त्यांनी गोळी तिरकी धरून आणली. आयुष्यात इतकं सुबक काम आपल्या हातून झालेलं नाही, हे त्यांचं त्यांना कळत होतं. मॅडमनी फूल हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि तोंडात बोट घातलं. "काकू, हे तर मीसुद्धा हुंगलं असतं. नाक असतं तर."

फूल बोगद्यात वाऱ्याच्या बाजूला लावलं. दुसऱ्या टोकाला पिंजरा उघडला. पतंग उठला, बोगद्यात इकडून तिकडे फिरला, फुलाच्या जवळून गेला. एकदा जरा थबकल्यासारखा झाला, आणि काचेवर जाऊन बसला. दुसरा सोडला. तो तर छताकडेच गेला. तिसऱ्याने फुलापुढे क्षणभर पंख मारले, आणि सोंडसुद्धा न उलगडता निघून गेला.

काकूंची कानशिलं तापली. माणसांनी चष्मे काढून हुंगलेली फुलं! मॅडमना ते लाल उजेडातही दिसलं असावं.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. त्यांनी कपाटातून एक इवलीशी बाटली काढली, कागदाच्या कपटीवर थेंब टाकला आणि कपटी फुलाच्या गळ्यात खोचली. काकूंना मंद, गोडसर वास आला, नाकाशी येऊन पुन्हा हरवणारा.

पुढचा पतंग सोडला. तो उठला आणि हवेतच जणू कुणी हाक मारावी तसा वळला. सरळ आला नाही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, नागमोडी, वाऱ्याच्या उलट. वास सुटला की आडवा फिरून शोधायचा, सापडला की पुढे सरकायचा. फुलापुढे येऊन तो हवेत लटकून राहिला, आणि त्याची ती गुंडाळलेली सोंड सुर्रकन उलगडून काकूंच्या फुलात गेली.

काकूंनी मॅडमचा दंडच धरला.

"यांचं नाक मिशांमध्ये असतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "त्या दोन पिसांसारख्या दिसतात ना, त्यांत. डोळे आहेत, फूल दिसतंही. पण पटतं ते वासाने."

"आमच्या ह्यांचंही तसंच," काकू म्हणाल्या. "चहाच्या कपाजवळ आधी मिशा येतात."

आणि मॅडमना हसता हसता शिंका आल्या, त्या थांबेचनात. पतंग बिचारा घाबरून उडाला.

त्यानंतर काकू आठवड्यातून दोनतीनदा संस्थेत जाऊ लागल्या. फुलं मळायची, चुरगळायची, एका वासाचं फूल दुसऱ्या वासाला चालायचं नाही, त्यामुळे काम सरत नव्हतं. पण खरं सांगायचं तर काम नसलं तरी त्या गेल्या असत्या. काळा कागद लावलेल्या त्या खोलीत स्टुलावर बसून पतंगाची वाट बघणं त्यांना आवडायला लागलं होतं. घरी नवऱ्याला त्या एकेक गोष्ट सांगायच्या. "अहो, फुलाचा वास म्हणजे एक वास नसतोच. त्यात कितीतरी वास कालवलेले असतात. पण पतंगाला त्यातले मोजके, बरोबर प्रमाणात मिळाले, की त्याला फूल पटतं." नवरा तार गुंडाळता गुंडाळता हूं म्हणायचा. चिमी पाटीवर काहीतरी लिहीत असायची, मान वर न करता.

मग मॅडमनी नवा प्रयोग सुरू केला. या पतंगांना जन्मतः ज्याचं काही नाही, असा एक वास निवडला. पिकून उतरलेल्या फळासारखा, जरा उग्र, दुसऱ्याच कुठल्या झाडाच्या फुलाचा. त्या वासाच्या फुलाकडे कोषातून निघालेला कोरा पतंग ढुंकूनही बघायचा नाही. पण आता मॅडमनी त्या फुलात साखरपाणी ठेवलं. उपाशी पतंग फिरता फिरता कधीतरी त्याच्यावर यायचा, सोंड आत जायची, गोड लागायचं. असं काही वेळा झालं की पुढच्या दिवशी तोच पतंग त्या उग्र वासाकडे नागमोडी उडत नेमका जायचा. साखर नसली तरी जायचा.

"शिकला!" काकू जवळजवळ ओरडल्या.

"शिकतात," मॅडम म्हणाल्या. "एवढंसं डोकं, पण शिकतात."

त्या दिवशी घरी येताना काकूंचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांच्या मनात जे चाललं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण ते काय होतं हे ओळखायला फार अक्कल नको. त्या आठवड्यात त्यांनी चिमीसाठी दोन फ्रॉक शिवले. तिला आवडतो म्हणून गोड शिरा तीनदा केला. तिसऱ्या वेळेला चिमी अगदी अदबीने म्हणाली, "काकू, पोट दुखतंय."

पुढच्या खेपेला काकूंनी जपून विचारलं, "मॅडम, नवा वास शिकला की पतंग जुना विसरतो का हो?"

मॅडमनी वहीतून डोकं वर काढलं. "काकू, अगदी हाच पुढचा प्रश्न आहे. त्यासाठी मला तुमची अशी फुलं हवीत की दोन फुलांत केसाचाही फरक नको. फरक असला तर फक्त वासाचा."

काकूंनी ती फुलं जशी केली तशी दुसऱ्या कुणासाठी केली नसतील. एकाच कापडाची, एकाच बैठकीत, एकाच तापाच्या गोळीने. आणि मग रोज जाऊन बसायला लागल्या. बोगद्यात दोन फुलं शेजारी शेजारी. एकात जन्मजात ओळखीचा तो मंद गोड वास, दुसऱ्यात शिकवलेला उग्र. एकामागून एक शिकलेले पतंग सोडले. काकू पदराची नाही तर रुमालाची गाठ मारत बसायच्या. पतंग शिकलेल्या फुलाकडे गेला की त्यांचा श्वास सुटायचा. आणि मग तोच पतंग तिथून उठायचा आणि जुन्या वासाच्या फुलाकडेही जायचा. काही आधी जुन्याकडे जायचे, काही नंतर. पण जायचे. शिकलेलं शिकलेल्या जागी, आणि जन्माबरोबर आलेलं होतं तिथेच. पुसलं गेलं नव्हतं.

मॅडम खूश झाल्या. हे असं असेल असं त्यांना वाटत होतंच. त्या हात चोळत वळल्या तर काकू स्टुलावर डोळे पुसत होत्या.

"काकू? काय झालं?"

मग काकूंनी सांगितलं. चिमी, कपाट, शाल, तीनदा केलेला शिरा, सगळं. शेवटी रुमालात नाक शिंकरून मॅडम म्हणाल्या, "मी पतंगांचं सांगू शकते. मुलीचं मला काही सांगता येणार नाही. मला मूल नाही, आणि असतं तरी सांगता आलं असतं असं नाही. पण एक विचारू? जुनं गेलंच पाहिजे, असा हट्ट का?"

काकूंनी स्टूल मागे सारलं. त्यांना थोडा रागच आला. त्या दिवशी त्या चहा न पिता निघाल्या.

यानंतर थोड्याच दिवसांनी चिमीची आत्या आली. आत्या म्हणजे वाइंडिंगवाल्याची मोठी बहीण, मनाने चांगली आणि हाताने उतावळी. आली की घर आवरायला घ्यायची. काकू संस्थेत होत्या, नवरा दुकानात. आत्याने कपाट उपसलं. खालच्या कप्प्यातली शाल तिच्या हाती लागली. कधी धुतलेली दिसत नाही, असं म्हणून तिने ती गरम पाण्यात साबण घालून चांगली खळबळून काढली आणि दोरीवर टाकली.

काकू आणि चिमी एकाच वेळी दारात पोचल्या. शाल दोरीवर होती आणि तिच्या टोकातून पाणी गळत होतं. चिमी दप्तर न उतरवता तिच्याखाली जाऊन उभी राहिली. तिने ओली शाल नाकाला लावली. मग दुसरं टोक लावलं. मग मधला भाग. आणि मग ती खाली बसली.

"काय गं? स्वच्छ झाली की," आत्या आतून हात पुसत आली.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "तुम्ही जरा आत बसा." आवाज असा होता की आत्या निमूट आत गेली.

चिमी रडली नाही. तेच वाईट होतं. रात्री जेवली नाही. बाप तिच्याशेजारी बसून राहिला. शेवटी म्हणाला, "तार जळली की गुंडाळता येते. याचं काय करायचं?"

सकाळी काकूंनी चिमीची वेणी घालता घालता विचारलं, "शालीला कशाचा वास यायचा गं?"

चिमीने रिबीन काकूंच्या हातात दिली.

"मला माहीत नाही म्हणून विचारते. मी पाय वाजवून यायचे, तू घडी घालून ठेवायचीस. मी कधी हुंगली नाही."

वेणीला गाठ बसल्यावर चिमी म्हणाली, "आईचा."

"हो. पण आईला कशाचा यायचा?"

"नाही सांगता येत."

"सांगता नाही येत ना? मग चल माझ्याबरोबर. आज शाळा नको."

मॅडमकडे एक अख्खं कपाट भरून बाटल्या होत्या. पानांचे, देठांचे, फुलांचे, सालींचे, लाकडांचे वास. काकूंनी त्यांना बाजूला घेऊन घडलेलं सांगितलं. मॅडमनी कपाटाचं कुलूप काढलं, टेबलावर पांढरा कागद पसरला, कागदाच्या कपट्या कापून ठेवल्या आणि चिमीला खुर्चीवर बसवलं. "हे बघ, माझं नाक कायमचं बंद आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "त्यामुळे मी फक्त बाटल्या देणार. ओळखायचं काम तुझं."

पहिली बाटली लवंगेची. चिमीने नाक मुरडलं. दुसरी कापलेल्या गवताची. "हा शाळेच्या मैदानाचा." तिसरी पुदिन्याची. चौथी एका फुलाची, भलती गोड. चिमी जरा थांबली आणि म्हणाली, "हा थोडासा आहे. पण आई इतकी गोड नव्हती."

काकूंना हसू फुटलं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, आणि मग बघितलं तर चिमीच्याही ओठांचे कोपरे हललेले होते.

"गोड नव्हती म्हणजे?"

"म्हणजे रागवायची. कंगवा डोक्यात मारायची. मग पापी घ्यायची."

बाटल्या पुढे सरकत गेल्या आणि चिमी बोलत गेली. दोन वर्षांत काकूंनी तिच्या तोंडून ऐकले नसतील इतके शब्द त्या दुपारी बाहेर पडले. आई पेन्सिलींच्या कारखान्यात जायची. घरी आली की तिच्या केसांत लाकडाचा भुसा असायचा, तो चिमी वेचायची. आईला गाता यायचं नाही तरी ती गायची. आईला पाली दिसल्या की ती बाबांच्या नावाने ओरडायची. काकू ऐकत होत्या. ही बाई त्यांच्यासाठी इतके दिवस नुसती एक शाल होती. आता तिला आवाज आला, राग आला, पालींची भीती आली. आणि नवल म्हणजे काकूंना ती आवडली.

पेन्सिलीचं लाकूड म्हणताच मॅडमनी खालच्या खणातून एक बाटली काढली. चिमीने कपटी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मग हात लांब करून तिने ती मघाची गोड कपटी उचलली, दोन्ही एकत्र धरल्या, गोड जरा लांब, लाकडी जवळ.

"असा," ती म्हणाली. "पण अजून काहीतरी होतं."

"घाम असेल," काकू म्हणाल्या. "दिवसभर मशिनीवर उभी राहायची ना."

चिमी हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. ती खुर्चीवरून उतरली आणि जवळ जे होतं त्यात तोंड खुपसून रडली. जवळ काकू होत्या. खळ, गोंद आणि तापलेलं लोखंड यांच्या वासाच्या. मॅडम पाठ करून बाटल्यांची बुचं लावत बसल्या, लावलेलीच पुन्हा पुन्हा.

त्या दिवसानंतर सगळं एकदम गोडीगुलाबीचं झालं असं नाही. चिमी वयात आली तेव्हा दोघींची अशी भांडणं झाली की वाइंडिंगवाला दुकानातच झोपायला जायचा. पण ती भांडायला लागली, हेच काकूंना मोठं वाटायचं. पाहुणी भांडत नाही. सुट्टीच्या दिवशी चिमी संस्थेत यायची, अळ्यांना पानं घालायची, पतंग बोगद्यात सोडायची. पहिल्या आईच्या गोष्टी आता घरात उघड निघायच्या. जेवताना, केस विंचरताना, पाल दिसली की हमखास.

काही वर्षांनी मॅडमनी काकूंना बसवून सांगितलं की पतंगांना एवढं सुबक फूल लागत नाही. साध्या पांढऱ्या कागदाचा कोन आणि त्यात बरोबर वास, एवढ्यावर त्यांचं भागतं, तपासून पाहिलंय.

"म्हणजे ती कडेची मुरड?" काकूंनी विचारलं.

"ती तुमच्या-माझ्यासाठी होती."

काकू मनापासून हसल्या. नंतर घरी आल्यावर थोडं वाईट वाटलं, पण ते घरी. पुढे मॅडम दुसऱ्या शहरात गेल्या. जाताना पिंजरे, कोष, बाटल्या सगळं बांधून नेलं. ती काळ्या कागदाची खोली रिकामी झाली आणि काकू पुन्हा टोप्यांच्या आणि नाटकांच्या फुलांकडे वळल्या. पण त्यात मन पूर्वीसारखं रमलं नाही. त्या दिवसांची आठवण काढायला लागल्या की त्या म्हणायच्या, "आमचे दिवस दुपारी सुरू व्हायचे, आणि तेही अंधारात." ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. वाइंडिंगवाला होता तोवर तो हूं म्हणायचा. तोही गेल्यावर हूं म्हणणारंही राहिलं नाही.

चिमी मोठी होऊन दातांच्या दवाखान्यात मदतनीस झाली. लग्न झालं, दोन मुलं झाली. ती काकूंना काकूच म्हणत राहिली, आणि आईचं ऐकून तिची मुलंही आजीला काकूच म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या डोळ्यांची तपासणी होती. दवाखाना शहराच्या त्याच टोकाला. परतताना काकू म्हणाल्या, "एकदा संस्थेवरून जाऊ या का?" चिमीच्या नव्या चपला टाचेला चावत होत्या, तरी ती हो म्हणाली. इमारत रंगवलेली होती, आत कसलंसं कचेरीचं काम चालत होतं. समोर सगळी फरशी, गाड्या लावलेल्या. फाटकापाशी पहारेकरी होता, तरणा, मफलर गुंडाळलेला.

"कुणाला भेटायचंय, आजी?"

"कुणाला नाही. मी इथे कामाला यायचे. फार पूर्वी."

"काय काम?"

"फुलं करायचे."

पहारेकऱ्याने मागे वळून त्या फरशीकडे पाहिलं. "म्हणजे इथे बाग होती?"

"बाग नव्हती रे. पतंगांसाठी." काकू थांबल्या. हे सगळं कुठून सुरू करायचं, त्यांना सुचेना. त्यांनी हात हलवला, जाऊ दे अशा अर्थी, आणि त्या निघाल्या.

पण चिमी निघाली नाही. तिने एक चप्पल काढून हातात घेतली, दुसरा हात फाटकाच्या गजावर ठेवला आणि म्हणाली, "मी सांगते. इथे आत एक लांब काचेचा बोगदा होता. आणि पतंग, हे एवढाले. पतंगांचं नाक कुठे असतं, माहीत आहे?" तिने चप्पल पहारेकऱ्याच्या हातात दिली, दोन बोटं कपाळावर उभी धरली आणि हलवून दाखवली.

पहारेकरी हसायला लागला. मग त्याने आतल्या सोबत्याला हाक मारली, "अरे, इकडे ये, हे ऐक." तो पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला. चिमी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. पतंग वाऱ्याच्या उलट कसा येतो ते दाखवायला ती एका पायात चप्पल घालून फाटकासमोर डावीकडे-उजवीकडे चालली. बस आली आणि निघून गेली. काकू कठड्यावर टेकल्या. पोरीने एक गोष्ट चुकीची सांगितली, की तो पंखा नवा होता.

"नवा नव्हता," काकू कठड्यावरूनच म्हणाल्या. "जळला होता. तुझ्या बाबांनी गुंडाळला होता."

"हो, बरोबर," चिमी पहारेकऱ्यांना म्हणाली. "माझ्या बाबांनी गुंडाळला होता. तर मग ऐका..."